चूक कुणाची ते लिहा

"खडा लागला? थूक. ताटातच थूक, लाजू नको."

जेवणाऱ्याच्या दाताखाली काही कचकन वाजलं की अक्काला ते थेट चुलीपाशी ऐकू जायचं. तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती उठायची, पिठाच्या हातानं त्याचं ताट उचलायची, खडा तळहातावर घेऊन दारातल्या उजेडात बघायची आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "माजा हाय. माजी चूक." मग नवं ताट यायचं आणि त्या जेवणाचे पैसे ती घ्यायची नाही. कुणी भिडेखातर "असू द्या हो अक्का, एवढंसं काय त्यात," असं म्हणालाच तर त्याची धडगत नसे.

"एवडंसं काय? दात तुजा हाय, जवारी माजी हाय. माज्या ताटातलं माजं."

तुमच्याही गावात अशी एखादी खानावळ असेल. सोलापुरात बाळीवेशीच्या एका बोळात अक्काची होती. दोन खोल्या, मागं चूल, भिंतीला टेकून बसायचे पाट. कपाळावर विभूतीचे पट्टे, कासोट्याचं इरकल लुगडं आणि आवाज गिरणीच्या भोंग्याशी नातं सांगणारा. बरोबर तिची धाकटी बहीण नागव्वा. दोघी आपसांत कन्नडात भांडायच्या आणि आमच्याशी मराठीत. वरच्या गल्लीतले कारकून, शाळामास्तर, कोर्टातले आम्ही नवशिके वकील असे सगळे तिचे 'मेंबर'. शिवाय गिरणीत डबे जायचे ते वेगळे. दिवस मिलोचे होते. रेशनवरची ती लाल ज्वारी किती चाळली तरी तिच्यातून काही ना काही निघायचंच, आणि अक्का दरवेळी तेवढ्याच गांभीर्यानं चूक कबूल करायची.

आता अशा बाईचा गैरफायदा घ्यायचं ज्याला सुचणार नाही तो वकील कसला? मला सुचलं. नवी सनद, रिकामा खिसा. एका दुपारी कोर्टाच्या आवारातून एक लहानसा खडा उचलला, खिशातून आणला आणि झुणक्याखाली सरकवून मोठ्यानं दात वाजवले. अक्का आली. ताट उचललं, उजेडात नेलं. खडा बोटांत चुरडून बघितला.

"हा माजा न्हाई," ती म्हणाली.

पंगत थांबली.

"हा मुरूम हाय. कोर्टाम्होरं टाकलाय त्योच. वकीला, पैसं नसतील तर तोंडानं म्हन की! मुरूम आनून माज्या जवारीवर आळ घालतोस व्हय?"

आणि तेच ताट माझ्यासमोर परत ठेवून वर एक भाकरी जास्त वाढली. त्या दिवसापासून मेंबरांत माझं नाव 'मुरूम वकील' पडलं. कोर्टात मला नाव मिळवायला पुढं फार वर्षं लागली. खानावळीत ते एका जेवणात मिळालं.

अक्काचा सगळा स्वयंपाक चुलीवर व्हायचा. पण घरमालकाला धुराचा त्रास. त्याची कुरकुर ऐकून ऐकून अक्कानं शेवटी नव्या पेठेतल्या भांड्यांच्या दुकानातून पितळी टाकीचा, पंपाचा एक मोठा स्टो आणला. भाकरी चुलीवर, झुणका-आमटी स्टोवर. स्टो इतका चकचकीत होता की नागव्वा त्यात बघून कुंकू लावायची.

थोड्याच दिवसांत तो फुटला.

आम्ही काही मेंबर तेव्हा बाहेर पाटावरच होतो. आत भक्कन आवाज झाला, मागोमाग नागव्वाची किंकाळी. आम्ही आत धावलो तोवर नागव्वानं ओलं पोतं टाकून जाळ विझवला होता. टाकीचा जोड उकलून पत्रा ओठासारखा बाहेर वळला होता. अक्काचा उजवा हात पार कोपरापर्यंत भाजला होता. ती खाली बसली होती आणि रडण्याऐवजी त्या स्टोकडं डोळे वटारून बघत होती, जणू तो आता उठून "माझी चूक" म्हणणार आहे.

हात वाचला, पण तळवा वाचला नाही. बोटं आत वळली ती सरळ होईनात. भाकरी थापायला तळवा लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. अक्कानं डाव्या हातानं थापून बघितली. ती भाकरी तालुक्याच्या नकाशासारखी झाली. आम्ही मुकाट्यानं खाणार होतो, पण तिनंच ती परत घेतली. "हे वाढायचं न्हाई," म्हणाली, आणि परात नागव्वाकडं सरकवली. त्या दिवशी पंगतीत कुणी दुसऱ्यांदा भाजी मागितली नाही.

पण हाताहून तिला जास्त झोंबलं ते वेगळंच. ती दवाखान्यात होती तेव्हा बघायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणायचा, "पंप जास्त मारला असेल." शेजारीण म्हणाली. डबेवाला म्हणाला. घरमालक तर म्हणालाच, आणि वर म्हणाला की बाईच्या हलगर्जीपणानं माझी इमारत पेटली असती, खोल्या खाली करा. मीसुद्धा खुर्ची ओढून बसलो आणि चार शहाण्यांसारखं म्हणालो, "अक्का, पंप जरा जास्त..."

"आलास का तूबी?" ती म्हणाली. "समदी माज्याकडंच बोट दावाया बसलीत. त्या स्टोला कुनी काय विचारतंय का?"

मग अक्का घरी आल्यावर एके दिवशी खानावळीत त्या भांड्यांच्या दुकानाचा शेठ आला, कंपनीचा एक माणूस घेऊन. कंपनी परगावची. माणूस सफारीतला, गोड बोलणारा. केळी आणली होती, नवा कोरा स्टो आणला होता, थोडी रक्कम देऊ म्हणत होता, आणि खिशात एक टाईप केलेला कागद होता. मालकही दारात येऊन उभा राहिला. अक्काला वाचता यायचं, सावकाश, अक्षरावर बोट ठेवून. तिनं डाव्या हाताचं बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, "सदर अपघात माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला असून..."

बोट थांबलं.

"हे कुनी लिवलं?"

"आम्ही. पण सही तुम्ही केलीत की ते तुमचंच झालं," सफारीवाला हसून म्हणाला.

"येवडं वाक्य काडा. बाकी सही करते."

"बाई, ते वाक्य असल्याशिवाय बाकीचं देता येत नाही."

मी वकील या नात्यानं तिच्या कानाशी लागलो. अक्का, सही करून टाका. फुकट स्टो मिळतोय, पैसे मिळतायत, एका वाक्यानं काय होतंय? अक्का माझ्याकडं वळली. "काय हुतंय? ह्या वाक्यावर मालक मला भाईर काडंल. उद्या मेंबर म्हनंल, बाई ध्यान देत न्हाई, हिच्या हातचं कसं खावं? हात जळला त्यो जळला. तोंडाला काळं का फासून घिऊ?"

आणि सफारीवाल्याला म्हणाली, "केळी ऱ्हाऊ द्या. बोळातल्या पोरींनी खाल्ली. स्टो आनि कागद न्या."

मग माझ्याकडं बोट. "दावा लाव."

मी लावला. माझ्या आयुष्यातला पहिला मोठा दावा, आणि तो मी लावला फक्त दुकानदार शेठवर. मी तिला मोठ्या रुबाबात समजावलं की कायद्यात सौदा महत्त्वाचा. तुमचा सौदा शेठशी, कंपनीशी तुमचा संबंध काय?

"शेठनं स्टो घडीवला का?"

"नाही."

"त्यानं फडक्यानं पुसून फळीवर ठिवला. मंग त्याला एकट्याला का धरतोस?"

"अक्का, कायदा..."

"थांब. माजा डबा गिरनीत जातो. पैसं देतो मुकादम, नेतो डबेवाला, जेवतो तिसराच. त्या तिसऱ्याचं पोट बिगडलं तर मी काय म्हनू? बाबा, तुजा नि माजा सौदा न्हाई? मी डबा कुनासाटी भरला व्हता? जेवनाऱ्यासाटी की!"

मी घरी येऊन उसन्या आणलेल्या पुस्तकांत शोधलं. वस्तू वापरणाऱ्यापर्यंत ती करणाऱ्याची जबाबदारी पोचते, असा विचार तिथं होताच. मीच तेवढी पानं फाडली नव्हती. पानं फाडली नव्हती हे अक्षरशः, जुन्या पुस्तकांची पानं कडेनं चिकटलेली असत. दाव्यात दुरुस्ती करून कंपनीला प्रतिवादी केलं. बार रूममध्ये ज्येष्ठ मंडळी चहा पिताना विचारायची, "काय हो, स्टोवाले? आता पुढच्या खेपेला काडेपेटीवाल्यालाही ओढा." मी त्यांच्याबरोबर हसायचो. हसण्यात मी कुणाला हार जात नसे.

तारखा पडत गेल्या. मालकानं निकाल लागेपर्यंत खोल्या राहू दिल्या, पण रोज येता-जाता नाकाला रुमाल लावायचा. प्रत्येक तारखेला अक्का सकाळची भाकरी उरकून, बहिणीला चुलीशी बसवून, बाकावर येऊन बसायची. मी तिला म्हणायचो, आज काही होणार नाही, नुसती तारीख आहे. ती म्हणायची, "मी न्हाई आले तर म्हनतील, बाई भ्याली."

कंपनीनं मोठे वकील दिले होते. चांदीच्या काडीचा चष्मा, बोलणं लोण्यासारखं. उलटतपासणीत त्यांनी विचारलं, "बाई, त्या दिवशी पंप किती मारला होता?"

"रोज मारते तेवडा."

"म्हणजे किती?"

"झुनक्याला लागतो तेवडा."

"थोडा जास्त मारला गेला असेल, नाही का?"

अक्कानं त्यांना एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं. "साहेब, तुमी माज्याकडं जेवाया या. माज्या भाकरीत खडा निगाला, तुमचा दात पडला, तर मी काय म्हनू? तुमी जोरात चावलं? भाकरी चावायलाच असती. तसा पंप मारायलाच असतो. मारायचा नव्हता तर बसीवला कशाला?"

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघितलं. मला वाटतं ते हसू लपवत होते.

एका तांबटानं साक्ष दिली की टाकीचा जोड कच्चा होता. दावा नीट चालला होता. आता मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण नीट चाललेल्या गोष्टीत हात घालणं हा माझा जन्मस्वभाव. मी अर्ज दिला, की चांगल्या बनावटीचा स्टो कितीही पंप मारला तरी फुटत नाही, हे मी कोर्टाला प्रत्यक्ष करून दाखवतो. न्यायाधीश साहेबांनाही उत्सुकता असावी. त्यांनी व्हरांड्यात परवानगी दिली.

कोर्टाच्या फाटकाशी चहावाला होता, त्याचा स्टो मी मागून आणला. दुसऱ्या बनावटीचा, जुना, काळाकुट्ट. साहेब बाहेर आले, मोठे वकील आले, पक्षकार, कारकून, सगळं कोर्ट गोळा झालं. मी काळा कोट सावरला, उकिडवा बसलो, आणि घसाघसा पंप मारून काडी लावली.

आता तुम्हाला माहीत आहे, मला माहीत नव्हतं: आधी काकडा पेटवून बर्नर तापवावा लागतो. मी जन्मात स्टो पेटवला नव्हता. थंड बर्नरमधून रॉकेल तसंच उडालं आणि पुरुषभर उंचीचा पिवळा जाळ माझ्या नाकासमोर उठला. मी मागं कोलमडलो. गळ्याचे पांढरे बँड पेटले. पट्टेवाल्यानं पिण्याच्या पाण्याचा अख्खा माठ आधी माझ्यावर आणि मग स्टोवर रिकामा केला. साहेब दोन पायऱ्या खाली उतरून उभे होते. धुरातून मोठ्या वकिलांचा आवाज आला, अगदी शांत.

"साहेब, आमचा बचाव नेमका हाच आहे. स्टो लावता न येणाऱ्यानं लावला की असं होतं. याहून चांगला पुरावा आम्हाला आणता आला नसता."

लोक हसत होते. मी ओलाचिंब, भुवया जळालेल्या, आणि मनात एकच गोष्ट: मी अक्काचा दावा माझ्या हातानं जाळला. तिच्या खोल्या गेल्या. ते वाक्य आता तिच्या नावावर कायमचं लागणार.

अक्का बाकावरून उठून पुढं आली.

"साहेब, बोलू का?"

मोठे वकील हरकत घेणार होते, पण साहेबांनी हात वर केला. "बोलू द्या बाईंना."

"ह्यो माजा वकील. ह्याला काडी वडता येत न्हाई, म्हनून तर माज्याकडं जेवतो. ह्याची चूक ह्याची, मी झाकत न्हाई. पर साहेब, बगा की! चुकायचं तेवडं समदं ह्यो चुकला. पंप लई मारला, बर्नर थंड, जाळ आड्याला, वरनं गार पानी." ती खाली वाकली आणि त्या काळ्या स्टोवर टिचकी मारली. "टाकी फुटली का?"

पट्टेवाला रिकामा माठ हातात धरून तसाच उभा होता.

"मी तर हयातभर रांधतीया. मी एक पंप जास्त मारला असंल बी. मान्सं चुकत्यात, हे स्टो करनाऱ्याला ठाऊक नसतं व्हय? मंग जोड तसा पक्का करावा की. न्हाई केला, तर चूक कुनाची ते लिवा."

साहेबांनी मोठ्या वकिलांकडं बघितलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

निकाल अक्काच्या बाजूनं लागला. कंपनी आणि दुकानदार दोघेही जबाबदार, आणि वादी बाईंचा निष्काळजीपणा शाबीत होत नाही. अक्कानं भरपाईचा आकडा विचारलाच नाही. तिनं घरमालकाला दुपारी जेवायला बोलावलं, पंगतीत मधोमध बसवलं, पुढ्यात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढली आणि मला उभं करून निकालातलं ते निष्काळजीपणाचं एक वाक्य वाचायला लावलं. मालक मान खाली घालून जेवत होता.

"आनिक एकदा वाच," अक्का म्हणाली. "मालकांना खाताना ऐकू येत नसंल."

त्यानंतर त्यानं खोल्यांचा विषय काढला नाही. नाकावरचा रुमालही गेला.

कंपनीनं अपील केलं. पैशांसाठी नव्हे, हे मला हळूहळू कळलं. निकालातलं ते वाक्य त्यांना बोचत होतं. तसले स्टो अजून गावोगावच्या फळ्यांवर होते. मधल्या काळात तो सफारीवाला पुन्हा एकदा आला. या वेळी रक्कम मोठी होती. अक्का नागव्वाशेजारी बसून तिच्या भाकरीच्या कडा कशा फाटतात यावर व्याख्यान देत होती.

"आनि वाक्य?" तिनं वर न बघता विचारलं.

"ते मात्र आमच्या बाजूनं करून द्यावं लागेल."

"मंग जेवून जा."

तो खरंच जेवून गेला. अक्कानं त्याला आग्रह करून वाढलं. "नोकरमानूस हाय," ती नंतर म्हणाली, "त्यानं कुटं जोड लावला?"

अपील उभं राहायच्या आधीच अक्का गेली. छातीत कफ झाला, ताप चढला आणि उतरला नाही. शेवटच्या आठवड्यात मी उशाशी बसलो होतो. मला वाटलं, काही निरोप सांगेल. तिनं माझ्या भुवयांकडं बघितलं आणि म्हणाली, "उगवल्या की रे." बस, एवढंच. बोळात माणूस मावत नव्हतं त्या दिवशी. डबेवाले, गिरणीतले, आमचे मास्तर, कारकून. नव्या पेठेतला शेठही आला होता, कोपऱ्यात उभा होता.

वारस म्हणून नागव्वाचं नाव लावलं. अपिलाच्या दिवशी ती लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन त्याच बाकावर बसली. पुकारा व्हायच्या आधी मोठे वकील माझ्याजवळ आले. खरं सांगतो, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "आता बाई तर राहिल्या नाहीत. कुणाला लागणार आहे? सगळी रक्कम आज देतो. वापरातल्या चुकीमुळे अपघात झाला, एवढं मान्य करा. बहिणीचं म्हातारपण निघेल."

मी पुन्हा मोहात पडलो. माझं आयुष्य बघता हे तुम्हाला नवल वाटू नये. नागव्वा एकटी, खानावळ तिच्या एकटीच्या मानेवर. अपिलात काय होईल कुणी सांगावं? मी बाकाशी बसून तिला सगळं समजावलं, पैशांचं, धोक्याचं, आणि शेवटी ते वाक्यही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आगंगिल्ला," ती म्हणाली. मग मला नीट कळावं म्हणून मराठीत, "जमनार न्हाई." आणि तिनं विचारलं, "वकीला, अक्का मेली म्हनून चूक तिची झाली व्हय?"

पुकारा झाला तसा मी उठलो आणि अपिलाच्या साहेबांना सांगितलं, तडजोड नाही, अपील चालवू. मी किती वेळ बोललो आठवत नाही. काय बोललो तेही धड आठवत नाही. माझ्या मानानं चुका कमी झाल्या असाव्यात, कारण मोठे वकील एकदाही हसले नाहीत. साहेबांनी तिथंच निकाल सांगितला. अपील फेटाळलं. खालच्या कोर्टाचा निकाल, त्या वाक्यासह, कायम.

मी वळलो, नागव्वाला सांगायला. बाक रिकामा होता. पट्टेवाला म्हणाला, बाई मघाशीच गेल्या, तुम्ही बोलायला उभे राहिलात तेव्हाच. जेवणाची वेळ झाली होती, मेंबर यायचे होते.